न्याहारी आणि यत्नाचार

ओट्सच्या पोह्यांत दूध, मध किंवा गूळ, कुस्करलेले केळे किंवा सफरचंदाच्या फोडी आणि बदाम-अक्रोडाचे तुकडे मिसळून ते मिश्रण ओव्हनमध्ये सुमारे १८० अंश सेल्सिअसवर अर्धा-पाऊण तास भाजले, की वड्या पाडता येतील असा सकाळचा एक पदार्थ तयार होतो. तो पाश्चात्त्य स्वयंपाकघरांतून आला असला, तरी आरोग्याचा विचार करणाऱ्या शहरी कुटुंबांनी त्याला पोहे-उप्पिटाच्या शेजारी जागा करून दिली आहे. कोल्हापूर शहरात आणि त्याच्या पूर्वेकडील हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या दिगंबर जैन कुटुंबांच्या दृष्टीने मात्र हा केवळ रुचीचा किंवा पोषणाचा विषय राहत नाही. प्राचीन श्रावकाचार-ग्रंथांत, म्हणजे गृहस्थ जैनाच्या आचरणाचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, ज्या धान्याचे नावही नाही, ते धान्य बंद पुड्यातून घरात येते तेव्हा त्याची शुद्धाशुद्धता कशावरून ठरवावी, आणि मुळात अन्नाची शुद्धी पदार्थात असते, काळात असते की ते रांधणाऱ्या-खाणाऱ्याच्या चित्तात असते, असा एक जुनाच तात्त्विक प्रश्न त्याच्या निमित्ताने नव्याने उभा राहतो.

या प्रश्नाचे मूळ हिंसेच्या जैन व्याख्येत आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात प्राण घेणे या घटनेला प्रमत्तयोगाची अट घातलेली आहे. प्रमत्तयोग म्हणजे असावधपणाने किंवा रागद्वेषाच्या अधीन होऊन झालेली मन-वचन-कायेची हालचाल. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारातही हाच विचार अधिक टोकदारपणे येतो: जो असावध आहे त्याच्याकडून जीव मरो वा न मरो, त्याला हिंसा लागतेच, आणि जो समितीने, म्हणजे शास्त्रात सांगितलेल्या सावधगिरीने, वागतो त्याला केवळ जीव मेल्यामुळे कर्मबंध होत नाही. या प्राकृत ग्रंथाची १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली चिकित्सक आवृत्ती कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापन करणाऱ्या आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केली होती, तेव्हा या चर्चेशी कोल्हापूरचे नाते केवळ लोकवस्तीचे नाही, अभ्यासाचेही आहे. हिंसेचा निकष अशा रीतीने कृतीच्या परिणामाकडून कर्त्याच्या दक्षतेकडे सरकला, की स्वयंपाकघर हे यत्नाचाराचे, म्हणजे या दक्षतेने केलेल्या आचरणाचे, रोजचे परीक्षास्थान ठरते.

येथे एक शंका लगेच उपस्थित होते. निकष जर दक्षतेचा असेल, तर त्याज्य पदार्थांच्या एवढ्या लांबलचक याद्या कशासाठी? आणि या याद्या जर मूलभूत असतील, तर चित्ताच्या सावधपणाला एवढे महत्त्व का? या दोन टोकांमधला ताण जैन आचारविचारात कधीच पूर्णपणे मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याची घाई करण्यापेक्षा एखाद्या ठोस पदार्थावर तो कसा काम करतो हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात श्रावकाच्या आठ मूलगुणांची, म्हणजे जैनत्वाच्या अगदी पहिल्या पायरीवरच्या नियमांची, जी मांडणी केली आहे, तिच्यात मद्य, मांस आणि मधु या तीन ‘म’कारांचा आणि पाच उदुंबरफळांचा त्याग येतो. भाजलेल्या ओट्सची रूढ पाश्चात्त्य कृती या आठांच्या शेजारी ठेवून वाचली, तर एका निरुपद्रवी दिसणाऱ्या न्याहारीत तिन्ही ‘म’कार आणि वर एक उदुंबरफळ अशी निम्मी यादी हजर असल्याचे आढळते. व्हॅनिलाचा पारंपरिक अर्क मद्यार्कात काढलेला असतो, मिश्रण बांधून यावे म्हणून त्यात अंडे फोडलेले असते, गोडीसाठी मध असतो आणि वरून सुक्या अंजिराचे काप पेरलेले असतात. यांपैकी अंडे आणि व्हॅनिला यांचा निकाल सोपा आहे. अंड्याचे काम पिकलेले केळे किंवा दळून भिजवलेले जवस करते, आणि व्हॅनिलाच्या जागी वेलदोडा आला की पदार्थाचे काही बिघडत नाही, किंबहुना कोल्हापुरी जिभेला तो अधिक ओळखीचा वाटतो. मध आणि अंजीर यांच्याविषयी मात्र थांबून विचार करावा लागतो.

मधाचा निषेध मधमाशांना धूर देऊन, पोळे पिळून मध काढण्याच्या रीतीतून आला असावा आणि म्हणून आधुनिक मधुपेटीतून, माशी न मारता काढलेला मध चालावा, असा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण अमृतचंद्रांनी तो जणू आधीच ऐकला होता. कारण पोळ्यातून आपोआप गळून पडलेला मध घेतला तरी हिंसा होते, त्याच्या आश्रयाने राहणारे जीव मरतात, असे ते स्पष्टपणे सांगतात. म्हणजे येथे दोष काढण्याच्या रीतीला चिकटलेला नसून पदार्थालाच चिकटलेला आहे. यावर एखादा आधुनिक वाचक असे म्हणेल, की घट्ट मधात साखरेचे प्रमाण एवढे असते की सूक्ष्मजीवांची वाढ त्यात सहसा होतच नाही, आणि मग निषेधाचे कारणच उरत नाही. हे निरीक्षण खरे असले तरी त्याने निषेध पूर्ण ढासळत नाही, कारण मधाच्या त्यागामागे जीवहानीच्या हिशेबाबरोबर आणखी एक विचार आहे: हजारो माशांनी स्वतःच्या निर्वाहासाठी साठवलेली वस्तू मनुष्याने जिभेच्या सुखासाठी उचलावी का? कोल्हापुरात या प्रश्नाला व्यवहारातले उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही, कारण गुळाची गोडी दाराशी आहे. तथापि गूळही आपोआप निर्दोष ठरत नाही. गुऱ्हाळातील काहिलीत रस उकळताना त्यावर आलेली मळी कोणी किती काळजीने काढली, चुलवाणाशेजारी झाकण नसलेल्या रसात काय पडले, रंग उजळ यावा म्हणून गुळव्याने कोणती पावडर टाकली, हे प्रश्न गुळाच्या रव्याच्या पिवळ्याधमक रूपावरून सुटत नाहीत.

अंजिराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. उदुंबरपंचकात वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर ही फळे मोजली जातात, आणि पाचव्या नावाखाली काही जण अंजीर धरतात. ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातली, एकाच प्रजातिगटातली झाडे आहेत, आणि त्यांची ‘फळे’ म्हणजे वस्तुतः आत वळलेले फुलोरे असून त्यांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म गांधीलमाश्यांवर त्यांचे परागीभवन अवलंबून असते. उंबर फोडल्यावर आत किडे दिसतात हे खेड्यातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. श्रावकाचारकारांनी फळांची ही गटवारी आधुनिक वनस्पतिशास्त्राच्या जन्माच्या कितीतरी आधी आणि केवळ डोळ्यांच्या साक्षीवर केली, ही गोष्ट कौतुकाची आहे. परंतु अंजिराच्या अनेक लागवडीच्या जाती परागीभवनाशिवायच फळतात, त्यांच्यात माशी शिरावी लागत नाही, तर स्मर्ना गटातील अंजिरांना मात्र ती लागतेच. मग पहिल्या प्रकारचे अंजीर श्रावकाला खुले व्हावे काय? तर्काने पाहिले तर व्हावे. व्यवहारात मात्र पुड्यातले सुके अंजीर कोणत्या जातीचे आहे हे खाणाऱ्याला कळत नाही, आणि ज्याची शहानिशा करता येत नाही ते संशयित अन्न टाळावे हाही यत्नाचाराचाच भाग आहे. नियमाचे कारण एका उदाहरणात लागू पडत नाही एवढ्यावरून नियम मोडीत काढणे जेवढे घाईचे, तेवढेच कारणाकडे न पाहता नियम जपणे आंधळेपणाचे, आणि अंजिराच्या बाबतीत दोन्ही चुका सारख्याच सहजपणे होतात.

ओट्सकडे वळल्यावर चर्चेची दिशा पालटते, कारण धान्यात प्रश्न असतो तो सचित्त-अचित्ताचा. सचित्त म्हणजे ज्यात जीव आहे असे, आणि अचित्त म्हणजे ज्यातून जीव निघून गेला आहे असे. जे बीज रुजू शकते ते सचित्त मानले जाते. ओटच्या दाण्यात स्निग्धांश बराच असल्याने आणि त्यातले विकर तो लवकर खवट करीत असल्याने कारखान्यात दाणे आधी वाफवतात आणि मग रोलरखाली चपटे करतात. भात भिजवून, भाजून आणि दाबून केलेल्या पोह्यांचीही हीच जात आहे, आणि म्हणून ओट्सना मराठीत पोहे म्हणणे केवळ सोयीचे नसून वस्तुस्थितीला धरूनही आहे. वाफवलेला, चेपलेला दाणा पुन्हा रुजत नाही, तेव्हा तो घरात येण्यापूर्वीच अचित्त झालेला असतो. फळांची गोष्ट मात्र वेगळी. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे संयमाच्या चढत्या पायऱ्या, सांगितल्या आहेत आणि त्यांपैकी पाचवी सचित्तत्यागाची आहे. तेथे पोहोचलेला गृहस्थ कच्चे फळ, मूळ, पान खात नाही, ते प्रासुक, म्हणजे शिजवून किंवा अन्य रीतीने निर्जीव, करूनच घेतो. यामुळे एक गमतीचा निष्कर्ष निघतो: आरोग्यशास्त्र ज्या कच्च्या फळांच्या तुकड्यांनी भरलेल्या वाटीला श्रेष्ठ मानते, तिच्यापेक्षा पाचव्या प्रतिमेच्या श्रावकाला सफरचंद आत घालून भाजलेला हाच पदार्थ अधिक मोकळेपणाने चालतो, कारण अग्नीने फळ प्रासुक केलेले असते. भाजताना अग्निकायिक जीवांचा, म्हणजे अग्नी हेच ज्यांचे शरीर आहे अशा जीवांचा, घात होतो हे जैन शास्त्र मान्यच करते, आणि विजेवरच्या ओव्हनमधील उष्णता अग्निकायात मोडते की नाही याविषयी जैन विद्वानांत मतभेद आहेत. पण गृहस्थाकडून संकल्पी हिंसेचा, म्हणजे मारण्याच्या हेतूने केलेल्या हिंसेचा, त्याग अपेक्षित असतो. स्वयंपाकातील आरंभी हिंसा, म्हणजे घरकामाच्या ओघात होणारी हिंसा, आणि उपजीविकेतील उद्योगी हिंसा त्याला कमी करता येते, टाळता येत नाही. ऊस, सोयाबीन आणि भुईमूग पिकवणाऱ्या जैन शेतकऱ्याला हा भेद नांगराच्या मागे चालतानाच समजलेला असतो.

सुक्या मेव्याविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. बदाम, काजू, अक्रोड भक्ष्य आहेत, फक्त प्रत्येक अक्रोडाचे दोन भाग करून, आतल्या घड्या पाहून तो शोधून घ्यावा लागतो, कारण जाळे आणि अळी तिथेच लपलेली असते. भुईमूग जमिनीखाली वाढत असला, तरी वर्ज्य कंदमुळांत जात नाही, तो शेंगेचा दाणा आहे.

काळाचा प्रश्न मात्र या पदार्थाच्या मुळावरच येतो. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा, म्हणजे ते वापरण्याची मुदत, हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि पावसाळ्यात तीन दिवस मानली जाते. गाळलेले पाणी एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, चालते. काढलेले दूध तेवढ्याच अवधीत तापवायचे असते. आणि पाण्याचा अंश असलेले शिजवलेले अन्न दुसऱ्या दिवशी बासी, म्हणजे अभक्ष्य, होते. या मर्यादा ऋतूप्रमाणे बदलतात, यावरूनच त्या रचणाऱ्यांनी उष्णता आणि दमट हवा यांत जीवोत्पत्ती कशी वाढते हे बारकाईने पाहिले होते हे उघड होते. कोल्हापूरच्या गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकासमोर काढून दिली जाते, आणि दुधाची अठ्ठेचाळीस मिनिटे पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबाला ती सोय अजूनही उपयोगी पडू शकते. भाजलेल्या ओट्सची कीर्ती मात्र नेमक्या उलट्या गुणावर उभी आहे: रविवारी एकदाच ताट भाजावे, शीतकपाटात ठेवावे आणि आठवडाभर रोज एक वडी खावी. रात्रभर दुधात भिजवून ठेवण्याची त्याची दुसरी रीतही याच आक्षेपाखाली येते. शीतकपाटात जीवाणूंची वाढ मंदावते हे खरे, म्हणून काही जण मर्यादा वाढवावी असे म्हणतात. परंतु मर्यादेचा अर्थ केवळ नासण्याचा हिशेब एवढाच धरला, तर उद्या निर्जंतुक डब्यातले वर्षभराचे अन्नही शुद्ध ठरेल आणि रोज ताजे, बेताचे आणि लागेल तेवढेच रांधण्याची शिस्त नाहीशी होईल. मर्यादेमागे परिग्रहपरिमाणाचा, म्हणजे साठवणुकीला आवर घालण्याचा, विचारही असतो, आणि शीतकपाट या विचाराला उत्तर देत नाही. उलट साठवणूक सोपी करून तो अधिक निकडीचा करते.

ताजे भाजायचे तर वेळेची दुसरी अडचण समोर येते. रात्रिभोजनत्यागाच्या नियमाप्रमाणे सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, उलटल्यावरच अन्न घ्यायचे असते, आणि काटेकोर पाळणारे चूलही उजेड झाल्यावरच पेटवतात. जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतर तयारी करून भाजायला ठेवलेला पदार्थ आठच्या पुढे ताटात येतो, आणि तोवर सकाळच्या सत्रातील शाळा केव्हाच भरलेली असते. पोहे दहा मिनिटांत होतात. अशा घरांत पोहे टिकून राहिले ते रूढीमुळे म्हणून कोणी सांगत असेल, तर त्याने घड्याळाकडेही पाहावे.

आता बंद पुड्याविषयी. भारतात डबाबंद खाद्यपदार्थावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि शाकाहारी ग्राहकाला ते निर्णायक वाटते. पण अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसाहाराची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध आणि दुधाच्या पदार्थांबरोबर मधही वगळलेला आहे. परिणामी मध घातलेल्या ओट्सच्या पुड्यावर हिरवे चिन्ह नियमाप्रमाणेच उमटते आणि श्रावकाच्या मूलगुणांशीच त्याचा विरोध असतो. यात राज्यसंस्थेचा दोष नाही, कारण सर्वांसाठी केलेला नियम प्रत्येक पंथाचा आचार सांगू शकत नाही. तात्त्विक अडचण वेगळीच आहे. घरी जोंधळा किंवा गहू निवडताना जी दृष्टी दाण्यावरून फिरते, तिच्यात किडका दाणा बाजूला काढण्याबरोबर जिवंत किडा हलकेच उचलून सुरक्षित जागी ठेवणेही असते, आणि यत्नाचार नेमका त्या दुसऱ्या कृतीत असतो. कारखान्यातील चाळण्या आणि वाफ दाण्याला घरच्या निवडण्यापेक्षा कितीतरी अधिक स्वच्छ करतात, मात्र त्या स्वच्छतेत किड्याला वाचवण्याचा हेतू कोणाचाच नसतो. वस्तूची स्वच्छता वाढते आणि दक्षता नाहीशी होते. शुद्धी जर पदार्थाचा गुण असेल, तर पुडा जिंकतो. ती जर चित्ताची अवस्था असेल, तर पुडा निकामी नसला तरी रिकामा आहे.

म्हणून याद्या रद्द करून केवळ भावशुद्धीवर विसंबावे, असा निष्कर्ष काही सुधारणावादी काढतात, आणि तो पटण्यासारखा नाही. दक्षता ही आपोआप टिकणारी वस्तू नव्हे. तिला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी थांबायला लावणारा नियम नसेल, तर तिची जागा ‘मनात काही नव्हते’ या सोयीस्कर सबबीने घेतली जाते. अंजीर, मध, पिठाचे तीन दिवस, सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे, हे सगळे मनाला थांबवण्याचे टप्पे आहेत, आणि त्यांतील एखाद्यामागचे जीवशास्त्रीय कारण आज ढिले पडले, तरी थांबण्याचे कार्य त्यामुळे संपत नाही. याच्या उलट बाजूने, ज्याने यादी तंतोतंत पाळली पण अक्रोड न पाहता मिश्रणात ओतला, त्याने प्रवचनसाराच्या दृष्टीने काहीच पाळले नाही.

एक बाब या सर्व चर्चेत बहुधा अनुल्लेखित राहते. पाणी गाळणे, दूध वेळेत तापवणे, दाणे शोधणे, पिठाचे दिवस मोजणे हा यत्नाचार ग्रंथांत श्रावकाच्या नावाने सांगितलेला असला, तरी घरात तो श्राविकेच्या हातून होतो, आणि ओट्सचा पुडा जेव्हा स्वयंपाकघरात प्रवेश करतो तेव्हा तो बऱ्याचदा तिच्या श्रमांत थोडी सूट म्हणूनच येतो. पुड्यावर टीका करणाऱ्याने ही सूट कोणाकडून काढून घेतली जात आहे हे आधी पाहिले पाहिजे. जैन कर्मसिद्धांतात यासाठी स्वतंत्र तरतूद आहे: कर्म कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन रीतींनी, म्हणजे स्वतः करून, दुसऱ्याकडून करवून आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती देऊन, आणि प्रत्येक वेळी मन, वचन व काया यांच्याद्वारे बांधले जाते, या नऊ वाटांना नवकोटी म्हणतात. जो नुसता ताटावर येऊन बसतो तो कारित आणि अनुमोदित या वाटांनी त्या आरंभात सामील असतोच, आणि हिंसेचा वाटा जर असा वाटला जात असेल, तर दक्षतेचा वाटा एकाच व्यक्तीच्या नावे टाकण्यास शास्त्रात आधार सापडत नाही. मध आणि अंजीर वगळून, गूळ किसून, त्याच सकाळी तापवलेल्या दुधात ओट्स भाजणाऱ्या घरात अक्रोड फोडून शोधण्याचे काम खाणाऱ्या पुरुषाकडे येते की नाही, यावरून त्या न्याहारीच्या शुद्धीविषयी हिरव्या चिन्हापेक्षा बरेच अधिक कळू शकते.